काही दिसतंय का?

"काका, काही दिसतंय का?" टेबलाखालून आवाज आला.

"दिसतंय," काका म्हणाले.

टेबलाखाली दुरुस्तीवाली पालथी पडली होती, नुसते पाय बाहेर. ती घाईघाईने मागे सरकली, तिचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं आणि वर येऊन बघते तर स्क्रीन काळाकुट्ट.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"अहो, मग दिसतंय कशाला म्हणालात? कपाळमोक्ष झाला असता माझा."

"चुकलं," काका म्हणाले, आणि पुन्हा त्या काळ्या काचेकडे बघत बसले.

छोट्या मालकांनी आणलेलं नवं ग्राफिक कार्ड सकाळीच त्या जुन्या कंप्युटरच्या पोटात बसवून झालं होतं. कार्ड मोठं देखणं. त्याला दोन पंखे होते. काकांच्या घरी अजून एकच होता. बटण दाबलं की दोन्ही पंखे गरगर फिरत, निळा दिवा लागे, आतून एकदा 'टुक' असा आवाज येई, आणि एवढा सगळा थाटमाट झाल्यावर स्क्रीनवर काहीही उमटत नसे.

"एकदाच टुक म्हणजे आत सगळं ठीक आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "बिघाड असला की तो ओरडत सुटतो."

"म्हणजे ठीक आहे असं स्वतःच सांगतो, पण दाखवत काही नाही."

"हो ना."

"माणसाळलाय अगदी," काका म्हणाले.

फोटो स्टुडिओची ही मागची खोली म्हणजे पूर्वीची डार्करूम. खिडकी नाही, भिंती अजून काळ्या. काका इथे निगेटिव्ह धुवायला लागले आणि धुवायला निगेटिव्ह उरल्या नाहीत तेव्हा त्याच खुर्चीत कंप्युटरसमोर बसले. त्यांचं काम होतं माणसांचे डोळे उघडायचं. ग्रुप फोटोत ज्याचे डोळे नेमके मिटलेले असतात तोच आधी जातो आणि घरच्यांना तोच फोटो मोठा करून हवा असतो, असा काकांचा अनुभव होता. त्यासाठी कंप्युटरमध्ये 'डोळे' नावाचा एक कप्पा होता. त्यात इतरांच्या फोटोंतून उचललेले नुसते डोळे, जोडीजोडीने ठेवलेले. प्रेमळ, करारी, किंचित रागावलेले. एका न्यायाधीशांना त्यांनी समोरच्या इस्त्रीवाल्याचे डोळे बसवले होते. फोटो बघून न्यायाधीशांच्या पत्नींना भरून आलं. म्हणाल्या, काय न्यायी नजर होती हो यांची! त्या वेळी इस्त्रीवाला बाहेर शर्टाची एक बाही जाळत होता.

लोक त्यांना डोळेकाकाच म्हणत. गंमत म्हणून ठीक, पण या कामाचा एक त्रास होता. काम घाईचं असलं आणि माप जुळणारी जोडी सापडली नाही की काका स्वतःचेच डोळे वापरत. त्यामुळे कुणाकडे भेटायला गेलं की भिंतीवरच्या चौकटीतून, परक्या भुवयांखालून, तेच स्वतःकडे बघत असत. यजमान म्हणत, "बसा ना काका, असे पाठ करून काय बसलात?" काका म्हणत, "इकडून वारा येतो." रस्त्यातही सुटका नव्हती. भाजी घेणारी एखादी अनोळखी बाई मान वर करून बघायची आणि काका दचकायचे. ही नजर त्यांनी मागच्याच आठवड्यात कुणाच्या तरी मेलेल्या आत्याला दिली होती.

बायकोला मात्र त्यांनी कुणाचेच डोळे दिले नव्हते.

फोटोवाल्याची बायको असून तिचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की हिचे डोळे गच्च. लग्नात मिटलेले, बारशात मिटलेले, मुलीला कडेवर घेऊन उभी आहे तिथेही मिटलेले. "उजेड डोळ्यांत जातो हो माझ्या," ती म्हणायची. "मी काय करू?" काका म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू." मुलगी दुसरीत होती तेव्हा पुढची वेळ संपली.

तिचा त्यातल्या त्यात बरा फोटो काकांनी कंप्युटरवर घेतला आणि कप्प्यातून एकेक जोडी लावून बघितली. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसरंच घरात शिरल्यासारखं वाटे. शेवटी त्यांनी स्वतःचे डोळे लावले. मग ती त्यांच्याकडे अशी बघायला लागली, की आता विचारेल, "किती मोठा करायचाय? चौकट साधी की सोनेरी?" काकांनी डोळे पुसून टाकले. फोटोतले. मग स्वतःचेही.

तेव्हापासून स्टुडिओ बंद करताना ते तिचा फोटो उघडत, आज करू म्हणून. करत काही नसत. निघताना स्क्रीन बंद करायचा असतो तेही विसरत. रोज न चुकता विसरत. बंद खोलीत, काळ्या भिंतींमध्ये, ती रात्रभर डोळे मिटून उजेडात बसलेली असे. अशी वर्षं गेली आणि तो पाठीला कुबड असलेला जाड काचेचा जुना स्क्रीन हळूहळू तिच्या आकाराने भाजून निघाला. काम चालू असताना कळत नसे. स्क्रीन काळा झाला आणि वरच्या ट्यूबचा उजेड तिरका पडला, की ती दिसे.

आणि दिसे ती उलटी. जिथे जास्त उजेड होता तिथली काच जास्त भाजली होती. त्यामुळे गोरा चेहरा काळपट झाला होता आणि काळेभोर केस फिक्या राखेच्या रंगाचे. काकांचं आयुष्य निगेटिव्ह वाचण्यात गेलेलं; दुसऱ्या कुणाला डाग दिसला असता, त्यांना माणूस दिसत होतं. पांढऱ्या केसांचं.

सकाळपासून कार्ड चालत नव्हतं त्याचं म्हणूनच काकांना फारसं दुःख नव्हतं. एवढा वेळ स्क्रीन काळा राहण्याचा योग बऱ्याच दिवसांनी आला होता.

दुरुस्तीवालीने कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पुन्हा बसवलं. टुक. काळोख. कार्डाला वेगळी वीज लागते, तीही वायर काढून परत खोचून झाली. टुक. काळोख.

तेवढ्यात छोटे मालक आत आले. मोठ्या मालकांचा मुलगा. काकांनी त्याला याच टेबलावर उभं करून शाळेसाठी त्याचा पहिला फोटो काढला होता, त्यामुळे गिऱ्हाईकासमोर 'अहो मालक' आणि मागच्या खोलीत 'अरे' असा करार होता.

"काय काका, झालं का?"

"अरे, ठीक आहे म्हणतोय."

"कोण?"

"कंप्युटर."

"संध्याकाळपर्यंत व्हायला हवं हो," मालक दुरुस्तीवालीला म्हणाले. "नवं सॉफ्टवेअर येऊन पडलंय. डोळे आपोआप उघडतं! एक बटण दाबायचं. काकांची मान मोडते बिचाऱ्यांची, एकेक पापणी करताना."

"मानेचं काय, ती सवयीची आहे," काका म्हणाले.

दुरुस्तीवाली स्क्रीनच्या मागे गेली. कार्डापासून तिथवर आलेली वायर तिने हातात धरली आणि एकदम थांबली.

"श्या! मीच गाढव. ही नुसती वायर आहे. अहो, नवं कार्ड बोलतं ते आकड्यांत. या जुन्याला आकडे कळत नाहीत, याला लागतात लहरी. दोन्हीकडे प्लग बसतो, पण पलीकडे पोचत काहीच नाही. तो बिचारा मघापासून दाखवतोय हो सगळं. याला कळत नाहीये."

"मग?"

"मध्ये दुभाष्या लागतो. छोटी डबी येते, परवा आणून देते. नाहीतर स्क्रीन बदला."

"परवा कशाला?" मालक म्हणाले. ते बाहेर गेले आणि काउंटरवरचा चपटा स्क्रीन उचलून घेऊन आले. "हा लावा. हे धूड भंगारात जाऊ दे. काका, किती वर्षं त्या कुबड्याकडे बघत बसणार?"

दुरुस्तीवालीने जुना स्क्रीन उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला, पण ठेवताना तिचा हात जरा रेंगाळला. काचेवर ट्यूबचा उजेड तिरका पडला होता. तिने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग नवा स्क्रीन जोडायला लागली.

या वेळी टुक झालं आणि लख्खकन सगळं उजळलं. मालकांनी टाळी वाजवली. ते स्वतः खुर्चीत बसले, सॉफ्टवेअर चढवलं आणि म्हणाले, "कुणावर बघू या? हा कोणता फोटो इथे बाहेरच ठेवलाय? अरे, ही तर काकू!"

"राहू दे," काका म्हणाले.

"राहू दे काय? काका, तुम्ही जगाचे डोळे उघडलेत आणि घरचेच राहिलेत. थांबा." छोटे मालक मनाने चांगले होते, आणि चांगल्या माणसाला थांबवणं कठीण असतं. त्यांनी बटण दाबलं.

एक निळी रेघ कपाळावरून हनुवटीपर्यंत उतरली आणि तिने डोळे उघडले.

फारच सुंदर डोळे होते. ओलसर, शांत, दोन्हीकडे उजेडाचा एकेक ठिपका. कप्प्यातल्या कुणाचेच नव्हते, इस्त्रीवाल्याचे नव्हते, काकांचेही नव्हते. ती सरळ समोर बघत होती. उजेडाला जराही न घाबरता.

"बघा!" मालक म्हणाले.

काका वाकले. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं.

"छान झालंय," ते सौजन्याने म्हणाले. "कोण आहेत या?"

मालक बसल्या जागी वळले, काकांकडे पाहिलं आणि त्यांनी केलेलं उलटं फिरवलं. तिने डोळे मिटले.

"सॉरी, काका."

"अरे, सॉरी काय त्यात? चांगलं आहे यंत्र. लोकांना आवडेल." काकांनी स्टुलाकडे बोट केलं. "फक्त तो स्क्रीन भंगारात देऊ नकोस. मी घरी नेतो."

"घरी? घरी कंप्युटर कुठंय तुमच्या?"

"लागत नाही."

मालकांना काही कळलं नाही, पण ते हो म्हणाले. दुरुस्तीवालीने कार्डाबरोबर आलेला फुग्याफुग्यांचा कागद उलगडला आणि जुना स्क्रीन त्यात गुंडाळायला घेतला. चिकटपट्टी दातांनी तोडली. काका सांगायला पुढे झाले, तेवढ्यात तीच म्हणाली, "काचेवर नाही लावत, काका. मागून लावते." आणि तिने पट्टी कुबडावर चिकटवली.

तिनेच आपल्या गाडीतून तो घरी पोचवला. जिन्यात दोघांनी मिळून उचलला. जाताना तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

मुलगी नोकरीवरून आली तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर ते धूड विराजमान होतं.

"बाबा, आता हे काय? चालतो का तरी?"

"चालत नाही. बसू दे."

"धूळ कोण पुसणार?"

"मी."

ती पर्स टांगत काहीतरी पुटपुटली आणि आत जाता जाता थांबली. उन्हं कलली होती. दोन पावलं मागे येऊन तिने मान तिरकी केली.

"बाबा, यात कुणीतरी आहे." ती अजून जवळ गेली. "बाई आहे. म्हातारी. केस बघा की सगळे पांढरे. कोण आहे ही?"

काकांनी टेबलावरचं फडकं उचलून त्याची उगीच घडी केली.

"तुझी आई," ते म्हणाले. "एवढीच झाली असती आता."

खिडकीतलं ऊन सरकत सरकत काचेच्या कडेपर्यंत आलं होतं. ते तिच्या डोळ्यांवर येण्याआधी काका उठले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.