डायनामो आणि बॅटरीच्या मधला फ्यूज

मी एक फ्यूज आहे. तोही जळालेला, म्हणजे आता माझ्याकडून कुणालाच काही नको आहे. असल्यांना बोलायला निदान सवड तरी मिळते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. हजारो भावंडांबरोबर पत्र्यातून कापला गेलो आणि एका पांढऱ्या कारच्या बॉनेटखाली, काळ्या डब्यात, दोन बोल्टांनी कसला गेलो. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो. इंजिन चालू झालं की डायनामो वीज तयार करतो आणि ती माझ्या अंगावरून बॅटरीत जाते. मध्येच कुठे शॉर्ट झाला तर मी जळायचं आणि गाडी वाचवायची. नोकरीच अशी की मोठं काम एकदाच करता येतं, आणि ते केलं की फेकून देतात.

कार घेतली वलगावच्या रामरावांनी. शेवंती आणि झेंडू पिकवणारं घर. घेतल्या महिन्यातच मागचं सीट निघालं आणि तिथे फुलांचे क्रेट आले. रोज अमरावतीचा बाजार, रोज तोच रस्ता. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यांनी माझ्या डब्याचा रंग उडवला. डायनामोच्या ज्या बोल्टवरून वीज माझ्याकडे येते, त्यावरची रबरी टोपी तडकून पडली, ती कुणी पुन्हा घातली नाही. चार्जिंग बंद पडलं की लागणारा डॅशबोर्डवरचा लाल दिवा तर केव्हाचा मेलेला. "चालून राहिली ना गाडी?" एवढं विचारलं की या घरात तपासणी संपायची.

रामराव गेले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे, नितेशकडे आली. गाडीतलं विजेचं काम मात्र शेषरावांकडेच राहिलं. ते रामरावांचे दोस्त. वलगावच्या स्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान, तोंड फटकळ आणि हात चोख. यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांनी गाडीत नवीन बॅटरी बसवली.

दसऱ्याला या घरात गाडीला बाहेरून हळद-कुंकू लावून भागत नाही. बॉनेट उघडून इंजिनाचीही पूजा होते. नितेशची आई पार्वताबाई आरतीचं पितळी ताट घेऊन एकट्याच आल्या. हार घालायला दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यांनी ताट इंजिनावर टेकवलं. ते घसरलं. एक कड डायनामोच्या त्या उघड्या बोल्टवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर. बॅटरीतली सगळी वीज माझ्यावरून ताटाकडे धावली. मी जळालो. ठिणगी उडाली, ताटातला दिवा विझला.

पार्वताबाईंनी ताट पदराखाली घेतलं आणि आत गेल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत.

गाडी चालू होत होती, दिवे लागत होते, पण सगळं बॅटरीच्या शिलकीवर. दोन दिवसांत बॅटरी उतरली. नितेश धक्क्यावर गाडी चालू करून तडक स्टँडवर गेला आणि बॉनेट उघडून, चार माणसांत शेषरावांवर ओरडला, "डुप्लिकेट बॅटरी घातली तुमी! बाबाची दोस्ती सांगता अन् आमालेच फसवता?"

मग अमरावतीच्या एका गॅरेजात बॅटरी बदलली. तीही उतरली. मग डायनामो बदलला. तरी तेच. "पहिल्या मिस्तरीनं वायरिंग बिघडवलं," असं तिथे कुणीतरी म्हणालं आणि नितेशने तेही गावभर केलं. माझ्या डब्याचं झाकण मात्र कुणी उघडलं नाही. गाडीत बसणारे लोक बोलायचे ते मला ऐकू येई. शेषरावांकडे आता गाडी दाखवायला कुणी जात नव्हतं म्हणे. मी तुटलेल्या पट्टीनिशी बसून होतो. काय करणार?

दसऱ्याला एकवीस दिवस झाले आणि गाडी नेमकी वलगाव स्टँडवरच बंद पडली. मागे शेवंतीचे क्रेट, पुढे पार्वताबाई. नितेश खाली उतरला नाही. शेषराव मीटर घेऊन आपणहून आले. दुसऱ्या बॅटरीला केबल लावून त्यांनी गाडी चालू केली, मग केबल काढली.

"बॅटरीवर जेमतेम बारा व्होल्ट," ते पुटपुटले. मग डायनामोच्या बोल्टवर मीटर टेकवला. "इथं चौदा. म्हंजे डायनामो वीज देऊन राहिला, बॅटरीले भेटत नाही. मधात कोण हाये?"

इंजिन बंद करून त्यांनी डबा उघडला. एकवीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला.

"हा असाच नाही जळत," मला बोटांत धरून ते म्हणाले. "बोल्टाले काईतरी टेकलं."

"तुमचाच पाना टेकला असन, बॅटरी बसवताना," नितेश म्हणाला. चहाच्या टपरीवरचे लोक बघत होते. शेषराव फार थकलेले दिसले. "असन बाप्पा," म्हणून ते नवा फ्यूज कसायला वाकले.

"थांब, नितेश." पार्वताबाई खाली उतरल्या होत्या. "पाना नाही. आरतीचं ताट होतं. म्या ठेवलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?" नितेशने विचारलं.

"दिवा इझला रे. प्राजक्ताले सातवा महिना. म्हटलं, घरात सून अशी, अन् माह्या हातून अपशकुन. भेव वाटलं मले." त्या शेषरावांकडे वळल्या. "भाऊ, तुमचं नाव खराब झालं, अन् मी चुप बसली."

"वहिनी, हा जळला नसता तं गाडीले आग लागली असती," शेषराव म्हणाले. "यात कायचा आला अपशकुन?"

नितेश खाली मान घालून पुटपुटला, "चुकलं, काका."

शेषरावांनी पाना खाली ठेवला. "तवा अख्ख्या स्टँडले ऐकू गेलं होतं. आता बी तेवढ्याच आवाजात बोल."

नितेश टपरीकडे वळला आणि ओरडून बोलला. बॅटरी चांगली होती, शेषराव काकाची काही चूक नव्हती, चूक त्याच्याच घरची.

आता मी शेषरावांच्या पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या स्क्रूंमध्ये पडून आहे. थकलोय, पण तक्रार नाही. मला जळायला क्षणही लागला नाही. पार्वताबाईंना एक वाक्य बोलायला एकवीस दिवस लागले, आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा अवघड होतं हे मी मानतो. तुमची गाडी बंद पडली तर एवढंच करा. माणसावर बोट ठेवायच्या आधी आमच्या डब्याचं झाकण उघडून बघा.