पॅडल शेवटपर्यंत

आमच्या ह्यांचा डावा गुडघा बदलला आणि घरात गाडीवरून भांडणं सुरू झाली.

गाडी म्हणजे दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, आणि आवाज असा की ती गल्लीत शिरली की शेजारीण हातातलं काम टाकून खिडकीत येते. इंजिन ह्यांनी आणि फोरमननी मिळून हौसेनं वाढवत नेलेलं. फोरमन ह्यांच्या जुन्या कारखान्यातले. आता त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, पण फोरमन हे नाव काही सुटलं नाही. इंजिनची ताकद वाढली तसा क्लच दणकट लागला. दणकट म्हणजे कडक स्प्रिंग, आणि कडक स्प्रिंग म्हणजे जड पॅडल. मी एकदा दाबून पाहिलं होतं, तेव्हा चुकून भिंतीलाच पाय लावला की काय असं वाटलं.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, पण असलं काही दाबू नका. हे घरी येऊन तोंड पाडून बसले. "बाबा, ऑटोमॅटिक घ्या," असं लेकीनं फोनवर सुचवलं, तर तिच्याशी अबोला. आमच्या ओळखीच्या एका दंतवैद्यांचा त्या गाडीवर कधीचा डोळा होता. त्यांना हे एका पडत्या घटकेला बोलून बसले, "रविवारी कळवतो. क्लच जमला नाही तर गाडी तुमची." दिलेला शब्द हे फिरवत नाहीत. आणि गाडी गेली की हे खुर्चीतून उठायचे नाहीत, हेही मला लख्ख दिसत होतं. म्हटलं, काही झालं तरी क्लच जमवायचाच.

फोरमननी टेबलावर वेगवेगळे क्लच मांडून ठेवले होते. ह्यांनी सगळ्यात राकट दिसणाऱ्यावर बोट ठेवलं.

"शर्यतीतला आहे. घसरायचं नाव घेणार नाही."

"गुडघा नवा मिळाला, अक्कल जुनीच," मी म्हटलं.

फोरमन हसले आणि त्यांनी दुसरा पुढे सरकवला. त्यात एकावर एक अशा दोन पातळ प्लेटा होत्या. "वहिनी, ओझं एकट्यानं धरायचं तर मूठ घट्ट आवळावी लागते. दोघांनी धरलं की तेवढं आवळावं लागत नाही. पकड तीच, पण स्प्रिंग हलकी."

"मग हाच."

"थांबा. पॅडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल पुढे जातं, ते बेअरिंगला ढकलतं, मग क्लच सुटतो. हा वरचा सिलिंडर बारीक घेतला तर पॅडल आणखी हलकं होईल. पण फुकट काही मिळत नाही. तेल कमी सरकतं. पॅडल शेवटपर्यंत दाबलं तरच क्लच सुटणार. पहिल्यासारखं अर्ध्यावर चालायचं नाही." मग त्यांनी डोकं खाजवलं. "पण किती हलकं हवं, ते कसं ठरवायचं?"

ते मी घरी ठरवलं. वजन करायचा काटा भिंतीला उभा टेकवला, ह्यांना समोर खुर्चीत बसवलं आणि डाव्या पायानं दाबायला लावलं. रोज सकाळी व्यायाम घ्यायला येणारी मुलगी शेजारी उभी होती. तिचा एक व्यायाम ठरलेला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "काका, टॉवेल दाबा!" काका म्हटलेलं ह्यांना मुळीच खपत नसे, पण तिचं वाक्य संपायच्या आत पाय सरळ झालेला असे. तिनं काटा बघितला आणि म्हणाली, "इथपर्यंत बिनधास्त. दिवसभर दाबा." मी काचेवर स्केचपेननं खूण केली.

काटा बगलेत मारून मी गॅरेजात गेले. फोरमननी हिशेब केला. "मधला सिलिंडर घेतला तर खुणेच्या जरा पुढे जाईल. बारीक घेतला तर अलीकडे राहील, पण मग सगळं काठावर."

"बारीक," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी सगळं बसवून झालं. फोरमननी बेअरिंगमागचं अंतर दोनदा मोजलं, तेलातली हवा काढली, पॅडलवर काटा धरून दाबून दाखवलं. सुई खुणेच्या अलीकडे! मला आनंदानं नाचावंसं वाटलं. हे आत बसले, गाडी सुरू केली, पॅडल दाबलं आणि गिअर टाकला.

खर्रर्र!

पुन्हा टाकला, पुन्हा खर्रर्र. फोरमननी गळती तपासली, हवा परत काढली. तेच. शेवटी ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"क्लच सुटत नाहीये," फोरमन म्हणाले. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. "सिलिंडर बारीक पडला. मोठा टाकला तर पॅडल खुणेच्या पुढे."

म्हणजे संपलंच. आणि बारीकचा हट्ट माझा. ह्यांनी खिशातून फोन काढला. "दंतवैद्यांना आजच सांगून टाकतो. रविवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं?" त्यांनी फोन लावला, पण समोरून कुणी उचलला नाही.

मला एकदम संताप आला. कुणाचा, देव जाणे. "उठा. मला बसू दे."

"तुला जमणार नाही ही गाडी."

"तुम्हाला तरी कुठे जमतेय?"

मी बसले, चप्पल काढली, पॅडल दाबलं ते थेट तळाला टेकेपर्यंत. गिअर टाकला. जराही आवाज नाही. मागचा टाकला, पुन्हा पहिला टाकला. बाहेर फोरमन नुसतेच "आं?" म्हणाले.

मी ह्यांना परत बसवलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. या वेळी गिअरकडे बघितलंच नाही, गुडघ्याकडे बघितलं. पॅडल खाली जाऊ लागलं, आणि तळ येण्याआधीच पाय थबकला. मांडी बारीक थरथरत होती. ते दुखणं नव्हतं. दुखलं की हे ओरडतात, सगळ्या गल्लीला कळतं. पाय घाबरला होता. घरी काटा भिंतीला टेकलेला, तिथे पाय पुढे न्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही जोर मोजला होता, पाय कुठवर जातो ते पाहिलंच नव्हतं.

पण "तुम्ही घाबरताय" असं फोरमनच्या देखत ह्यांना सांगायची माझी काय बिशाद? सांगितलं असतं तर हे गाडीसकट मलाही दंतवैद्यांकडे धाडून मोकळे झाले असते. मी दीर्घ श्वास घेतला आणि त्या पोरीच्या खणखणीत आवाजात म्हटलं,

"काका, टॉवेल दाबा!"

पाय सरळ झाला. पॅडल तळाला टेकलं. हात गिअरवर होताच, तो आपसूक पुढे गेला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग कान लाल करून म्हणाले, "काका कुणाला म्हणतेस गं?" फोरमन घाईघाईनं पाठ फिरवून पाना शोधायला लागले, आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

आम्ही रस्त्यावर आलो. पहिल्या वळणाला मी पुटपुटले, "टॉवेल." दुसऱ्या वळणालाही पुटपुटले. पुढच्या चौकात मी तोंड उघडायच्या आत पॅडल तळाला गेलेलं होतं. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलं नाही. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, आता कुणाची लाज बाळगायची? ह्यांनी एक हात सोडून माझ्या पाठीवर थोपटलं आणि लगेच परत स्टिअरिंगवर नेला.

लाल दिव्याला थांबलो होतो तेव्हा ह्यांचा फोन वाजला. दंतवैद्यांचा उलट फोन. ह्यांनी खिशातून काढून तो माझ्या मांडीवर ठेवला. दिवा हिरवा होत होता.

"तूच सांग त्यांना," हे म्हणाले, "म्हणावं, पाय कामात आहे."