त्र्यंबकानंतरची जागा

घाटनांदूरच्या पेठेतल्या त्या भांड्यांच्या दुकानात सकाळ एकदम येत नसे. शटर अजून खाली असे, आणि त्याच्या जुन्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उजेडाचे मोहरीएवढे ठिपके समोरच्या भिंतीवर उमटत. बराच वेळ ते तिथेच राहत. हलत आहेत हे डोळ्यांना कळत नसे. मग सूर्य रेल्वे स्टेशनाकडच्या कडुलिंबांच्या वर सरकला की ठिपके फळीफळीने खाली उतरू लागत. सर्वांत वर पितळी हंडे होते. त्यांच्यावर उजेड पिकल्यासारखा पिवळा आणि जड होई. त्याखाली तांब्याच्या घागरी. तिथे तो क्षणभर तांबूस होऊन पुढे निघे. स्टीलच्या डब्यांवर मात्र त्याला ठरता येत नसे. एका डब्याने दुसऱ्याकडे टोलवावा, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, असा तो भिरभिरत राही. आणि शेवटी, अगदी जमिनीलगत, जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली. तिथे पोचेपर्यंत उजेडाला ना चमक उरलेली असे ना रंग. तो नुसता उजेड असे. मन्मथला तोच सर्वांत आवडे.

आजही तो त्याच उजेडाकडे बघत बसला होता, पण त्याचे कान हेडफोनने झाकलेले होते. समोर घोंगडीवर त्याचे वडील, अप्पा, मांडी घालून बसले होते, शेजारी आई टाळ घेऊन. डब्यांवर गोणपाट टाकले होते. अप्पांनी सूर लावला की रिकामे डबे मागून गुणगुणत, आणि माईकला तेही ऐकू जाई.

"आलं का रं?" अप्पांनी विचारले.

मन्मथने हेडफोन काढला. "पुन्हा तिथंच गळालं, अप्पा."

"कुठं?"

"त्र्यंबकाच्या पुढं."

आईने टाळ मांडीवर ठेवले आणि दोरीची गाठ उगीचच सारखी केली. अप्पा हसले. "त्र्यंबकाला तीन डोळे हायेत. तुझ्या मशीनला बघून घाबरतंय जनू."

घराण्यात एक शिवभजन चालत आले होते. त्याच्या शेवटच्या ओळीत शंकराची नावे एकाला एक ओवलेली होती, आणि ती ओळ एका श्वासात म्हणायची, मध्ये दम घेऊन माळ तोडायची नाही, असा रिवाज होता. अप्पांच्या वडिलांनी तो पाळला होता, आणि अप्पांनी पाळलेला तर साऱ्या पेठेने ऐकला होता. श्रावण सोमवारी मठात ते त्या ओळीला आले की बाहेर चपला काढणारा माणूस एक चप्पल पायात, एक हातात, असा थांबे. नावे संपत, तेव्हा मंडपातले सगळे लोक श्वास सोडत. अप्पांच्या बरोबरीने त्यांनीही तो धरलेला असे. पण ही माळ कोणी कधी टेपवर घेतली नव्हती. आता भजनी मंडळाला कपिलधारच्या यात्रेत वाटायला सीडी हवी होती, आणि घरात संगणक होता.

संगणक दोन वर्षांपूर्वी जुनाच विकत घेतलेला, तोही दुकानाच्या हिशोबासाठी. मन्मथचे खरे काम भांड्यांवर नाव घालण्याचे. विजेच्या लेखणीने तो नवरी मुलींची नावे ताटावाट्यांवर कोरी. ते काम त्याला आवडे, कारण त्यात मान खाली घालून बसता येई आणि बोलावे लागत नसे. गायला तर त्याला जन्मात जमले नाही. चारचौघांत त्याचा आवाज गळ्याशीच थांबे. म्हणून माळ त्याच्याकडे येणार नव्हती. निदान ती अखंड धरून ठेवावी, एवढे आपल्या हातून व्हावे, असे त्याला मनापासून वाटत होते.

पण रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी त्र्यंबक आणि नीलकंठ या नावांच्या मध्ये आवाज तुटत होता. छोटीशी पोकळी, आणि मग नीलकंठ. त्याने संगणकाच्या मासिकात वाचले होते की आवाज एकसारखा येत राहतो, पण डिस्कला लिहायला कधीकधी उशीर होतो. तेवढ्या वेळात तो डिस्कच्या कॅश मेमरीत थांबतो, ओट्यावर पाहुणा थांबावा तसा. ओटा लहान असला तर मागून येणारे गळतात. आपल्या डिस्कचा ओटा लहान असणार, हे मन्मथने त्याच रात्री ठरवून टाकले.

"बीडला जाऊन तपासून आणतो," तो म्हणाला. "धुळाजीकडं."

"जा की," अप्पा म्हणाले. "आन् न्हाईच जमलं तर मंडळातला शिवशंकर हाय गायाला. मंडळवाले म्हनलेच हायेत. पोराचा दम दांडगा हाय."

"शिवशंकर न्हाई," मन्मथ म्हणाला. तो इतक्या जोरात बोलला की आईने मान वर केली.

डिस्क त्याने कॅबिनेटातून काढली, फडक्यात गुंडाळली आणि दुकानातल्या एका स्टीलच्या डब्यात कापूस घालून ठेवली. झाकण लावताना आई म्हणाली, "भाकरी बी तशीच बांदून दिली असती, पर तू काई खानार न्हाईस." आणि तरीही तिने भाकरी दिलीच.

अंबाजोगाईला गाडी बदलल्यावर त्याच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. नाव भिवराबाई, माहेर केज, लेक बीडला. हे सगळे तिने तिकीट निघायच्या आत सांगून टाकले. मन्मथने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरलेला पाहून तिला राहवेना.

"काय हाय रं लेकरा त्यात? कवाधरनं बघायलेय, वास बी येत न्हाई."

"काही न्हाई, आजी. मशीनचा भाग हाय."

"मशीनचा? मला वाटलं बहिनीला लाडू." तिने डबा पुन्हा निरखला. "दुखन्याला हाय का मशीन?"

मन्मथला हसू आले. "हो. दवाखान्यातच नेतोय."

"मंग बरं हुईल," ती ठामपणे म्हणाली, आणि गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा तिनेही आपला हात डब्यावर ठेवला. बाहेर बालाघाटचे उघडे माळ सरकत होते. त्या खरखरीत, अनोळखी हाताखाली डबा स्थिर राहिला, आणि बीड येईपर्यंत मन्मथला विनाकारण सुखी वाटत होते.

धुळाजीचे संगणक दुरुस्तीचे दुकान बस स्टँडसमोर, एका क्लासच्या जिन्याखाली होते. अंबाजोगाईच्या कॉलेजात दोघे एका बाकावर बसत. एक सगळ्या वर्गाशी बोलणारा, दुसरा फक्त त्याच्याशी.

"ये बे, भांडेवाले! डब्यात काय आनलंस, शेंगाची चटनी?" त्याने झाकण उघडले आणि डिस्क उलटून धरली. "अरे! हे काय? हिला बी लिंगायत केलं का?"

डिस्कवरच्या लेबलवर भस्माची तीन आडवी बोटे होती. संगणक घरी आला त्या दिवशी अप्पांनी तो मुद्दाम उघडायला लावला होता. वरच्या पत्र्याची पूजा करून काय उपयोग, जीव कुठे असतो ते दाखव, असे ते म्हणाले होते. आणि मन्मथने डिस्क दाखवली होती. ओल्या बोटांनी लावलेले भस्म वाळून घट्ट बसले होते. नेमके त्याच्याखाली मॉडेलचा नंबर होता.

"पुस ते. नंबर दिसल्याबिगर कॅटलॉगात कसं बघू?"

"पुसतो."

"पुस की मंग."

मन्मथने अंगठा टेकवला, पण घासला नाही. धुळाजीने एकदा त्याच्याकडे पाहिले, मग डिस्क त्याच्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. मशीनला जोडून बघू. प्रोग्राम हाय माझ्याकडं, तो सगळी कुंडली सांगतो."

त्याने वायरी जोडल्या, सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उतरू लागल्या.

"कॅशचा वट्टा पाचशे बारा केबीच असंल ना?" मन्मथ म्हणाला. "लई जुनी डिस्क हाय."

"दम धर."

"कमीच असंल. मासिकात दिलतं, जुन्या डिस्कला—"

"काय मानूस हाय बे तू! गिऱ्हाईकं येतेत ती जास्त निघावी म्हनून देव पान्यात घालून बसतेत. कमी निघावी म्हनून बसलेला तू पहिलाच." त्याने पडद्यावर एका ओळीखाली बोट टेकवले. "दोन एमबी. घे. एका गळ्याला काय, आख्खं भजनी मंडळ बसवलंस तरी वट्टा रिकामा ऱ्हाईल. डिस्क बी एकदम ठणठणीत. कशाला आलतास तू?"

मन्मथने त्र्यंबकाच्या पुढच्या पोकळीबद्दल सांगितले. फाइल डिस्कवरच होती. धुळाजीने हेडफोन चढवला, डोळे मिटले. माळ सुरू झाली तशी त्याची मान हलू लागली. मग ती थांबली. त्याने तो तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला, आवाज वाढवून आणखी एकदा ऐकला, आणि सावकाश हेडफोन काढला.

"मन्या, आवाज मशीनमधी गळाला असता तर टाळ बी गळाया पायजे का न्हाई?"

मन्मथ डब्यातला कापूस सारखा करू लागला.

"टाळ चालू हाय बे. अप्पाच तेवढे—"

"मग माईकची वायर असंल," मन्मथ घाईने म्हणाला. "अप्पांचा माईक येगळा हाय. वायर जुनी हाय त्याची."

घरात माईक एकच होता, आणि तो धुळाजीनेच त्याला दिला होता. जिन्यावरून क्लासची मुले धडधडत खाली उतरली, तोवर धुळाजी हातातली वायर गुंडाळत राहिला. मग त्याने मागच्या खोक्यातून एक नवी वायर काढली आणि डब्यात डिस्कच्या शेजारी ठेवली.

"असंल," तो म्हणाला. "बदलून बघ. चल, च्या पिऊ. भाकरी आनलीस ना? काकूच्या हातची मला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके तांब्याच्या घागरींवर होते तेव्हा मन्मथने डिस्क जागेवर बसवून नवी वायर जोडून घेतली. अप्पांनी आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा उरकली होती. कपाळावरचे भस्म अजून ओले होते.

"सापडलं का दुखनं?"

"वायर होती, अप्पा."

"मला वाटलंच. डिस्क आपली गुनाची हाय." ते खूश दिसत होते. घोंगडीवर बसताना त्यांनी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा. "महादेवी, घे टाळ. आज लेकाचं मन राखू."

आईने टाळ उचलले. मन्मथने हेडफोन लावला नाही. का, ते त्याला सांगता आले नसते; आज त्याला नुसत्या कानांनी ऐकावेसे वाटले. अप्पांनी डोळे मिटून सुरुवात केली, आणि भजन नेहमीसारखे भरत गेले, रांजणात पाणी चढावे तसे. आवाजात काही उणे नव्हते. उलट, तरुणपणीच्या गाण्यात मन्मथला कधी न जाणवलेली एक मऊ कड आता त्याला होती. रस्त्यावरून चाललेल्या दूधवाल्याच्या सायकलची खडखड शटराबाहेर येऊन थांबली.

शेवटची ओळ आली. नावे सुटू लागली. मन्मथ अप्पांकडे बघायचा तो, कोणास ठाऊक कसा, आईच्या हातांकडे बघत राहिला. त्र्यंबक जवळ येताच तिचे टाळ किंचित मंदावले. इतके थोडे की बाहेरच्या माणसाला कळू नये. तिने मान वर केली नाही, अप्पांकडे पाहिलेही नाही. सवयीच्या हाताने, चुलीवरचे दूध उतू जायच्या आत जाळ मागे ओढावा तशी, तिने लय सैल केली आणि एक जागा करून दिली. त्या जागेत अप्पांचे खांदे वर झाले, छाती भरली. मग नीलकंठ आला, आणि टाळ पुन्हा आपल्या चालीवर गेले. हे आज पहिल्यांदा होत नव्हते. त्या हातांना ही वाट चांगलीच पाठ होती.

नावे संपली. बाहेर दूधवाल्याने घंटी वाजवली आणि तो पुढे निघून गेला. अप्पांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखे समाधान होते.

"आली का रं माळ?"

आई त्याच्याकडे बघत होती. मन्मथने पडद्यावर पाहिले. आवाजाची हिरवी रेघ एका ठिकाणी बारीक होऊन पुन्हा रुंद झाली होती, आणि त्या बारीक ठिकाणीही ती कुठे तुटली नव्हती. तो तुकडा कापून दोन्ही नावे एकमेकांना चिकटवता येतात, हेही धुळाजीने सांगितले होते. चहा पिताना, दुसरीकडे बघत.

"आली, अप्पा," तो म्हणाला. "सगळी आली."

"मंग दे मंडळाला."

"हीच देतो."

"शिवशंकरला वाईट वाटंल," असे म्हणत अप्पा हसले, आणि उठण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. मन्मथने तो धरला. हात गरम होता, आणि वाटला होता त्याहून हलका. आईने डब्यांवरचे गोणपाट काढायला घेतले. मन्मथने फाइलला नाव दिले, ती जपून ठेवली, आणि मग शटर वर केले.

अप्पांचा श्वास आता त्या ओळीला पुरत नव्हता.