बिनकामाचा खांब

पोस्टमॉडर्न इमारती ओळखायला शिकवून शिकवून बाईंचा जीव विटला होता. दर वर्षी तीच पायी फेरी, तेच रस्ते आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली आर्किटेक्चरची नवी पोरं. त्यात गुडघे कुरकुरायला लागलेले. निवृत्ती काही केल्या जवळ येत नव्हती.

"ही बँक बघा," बाई म्हणाल्या. "दारावर राजवाड्याची कमान, आणि आत काय, तर एटीएम. कमान मधोमध तुटलीय ती मुद्दाम. पुढे दाताच्या डॉक्टरांकडे जहाजाची गोल खिडकी, समुद्राचा पत्ता नाही. जुन्याची नक्कल करायची, पण डोळा मिचकावून. ही खूण लक्षात ठेवा."

"मॅडम, मग आमच्या इथला लग्नाचा हॉलपण पोस्टमॉडर्न?"

"छे रे! त्याला खरंच वाटतं आपण राजवाडा आहोत."

पोरं हसली. बाईंना हसायचाही कंटाळा आला होता.

फेरी नेहमी एकाच इमारतीशी संपायची. बाईंच्या थोरल्या भावाने, दादांनी, ती तरुणपणी बांधली होती. पुढच्या खोल्या रस्त्यावर झुकलेल्या आणि त्यांच्याखाली एक गलेलठ्ठ निळा खांब. सगळ्यांना वाटायचं खोल्या त्याच्यावरच उभ्या आहेत. पण खांब वर टेकायचाच नाही. तळहात आडवा जाईल एवढी फट दादांनी ठेवली होती. खरा भार मागच्या तुळयांवर, आणि हा पठ्ठ्या नुसता मिरवायला.

वहिनी गेल्यापासून दादा तिथेच, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. लिफ्ट नाही. कंबर गेलेली. बाई रोज डबा घेऊन तीन जिने चढायच्या आणि माझ्याकडे तळमजल्यावर चल म्हणून हात जोडायच्या. दादा ऐकतील तर शपथ! पाणी तुटणार, रंगारी येणार, अशा थापाही मारून झाल्या. त्यांनी एकही पचू दिली नाही.

बाई वॉचमनच्या स्टुलावर चढल्या. दर वर्षी हात फटीतून पलीकडे काढून दाखवायच्या आणि पोरं टाळ्या वाजवायची. आज हात गेला नाही. त्यांनी जोर लावला, बोटं खरवडली. फटच उरली नव्हती; वरच्या खोल्या खाली येऊन खांबावर बसल्या होत्या.

खाली पोरं टाळ्या वाजवायला थांबली होती.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "रस्त्याच्या पलीकडे, आधी." मग वॉचमनला म्हणाल्या, "सगळ्यांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

जिना चढताना त्यांना दादांचं न्हाणीघराचं दार आठवलं. कित्येक दिवस ते लागत नव्हतं. दादा सुताराला शिव्या घालत होते आणि बाई दमलेल्या होत्या म्हणून मान डोलावत होत्या. दोघंही इमारती जाणणारे म्हणवतात! त्यांना स्वतःचाच राग आला.

"हात गेला?" दादांनी खाटेवरूनच विचारलं. दर फेरीनंतरचा त्यांचा हा आवडता प्रश्न.

"नाही दादा. खांब वर टेकलाय."

दादा खो खो हसले. "आता हे नवीन काढलंस? छोटे, थापा मारायला माझ्याकडूनच शिकलीस तू."

बाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि उजवा हात त्यांच्यापुढे धरला. बोटांची सालं निघाली होती. नखांत निळा रंग अडकला होता. तो रंग दादांनी स्वतः निवडलेला.

दादांनी चष्मा लावला, हात उलटसुलट करून पाहिला. हसणं थांबलं.

"आत काय आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"जाळी आणि प्लास्टर. पोकळ आहे सगळा."

"आणि तरी धरून ठेवलंय त्याने," दादा म्हणाले. त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "माझ्या चपला कुठायत?"

जिन्यात त्यांनी एक हात कठड्यावर ठेवला आणि सगळं अंग बाईंच्या खांद्यावर टाकलं. पहिल्याच पायरीला बाईंचे गुडघे कुरकुरले.

"पेलवेल का गं तुला?"

"चल रे दादा," बाई म्हणाल्या. "बोलू नकोस."