पाच हॉटेलं आणि एक बिजागरी

संसारात पुरुषाच्या वाट्याला स्वतंत्र निर्णयाचा क्षण एकदाच येतो; तो ज्याने ओळखला आणि न डगमगता पेलला, त्याच्यापुढे पुढच्या पिढ्या मान तुकवतात. स्पेअरभाऊंनी तो क्षण रविवारी सकाळी अकरा वाजता बरोबर ओळखला, आणि बुधवारपर्यंत पाच वेगवेगळ्या हॉटेलांत खोल्या राखून ठेवल्या.

स्पेअरभाऊ हे नाव त्यांना बसडेपोने दिलेलं. तीस वर्षं ते तिथल्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळत होते. त्यांचा नियम एकच: एक वापरात, एक फळीवर. घरीही तोच कारभार. दोन छत्र्या, दोन कात्र्या, चष्म्याची एक जादा काडी. राखीव नव्हती ती फक्त बायको, आणि तिच्याच बाबतीत गोदाम रिकामं झाल्यासारखं त्यांना चार वर्षं वाटत होतं.

बाई कानाच्या दवाखान्यात कामाला होत्या. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीकबारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, "ऐकू आलं की बटण दाबा." दिवसभर हे केल्यावर घरी आलेल्या माणसाला फ्रिजही भांडायला उठल्यासारखा वाटतो. स्पेअरभाऊ तर घोरत. साधेसुधे नव्हे, चढणीला लागलेली जुनी बस पहिल्या गिअरमध्ये टाकल्यासारखे. चार वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी परगावी गेली, त्याच आठवड्यात यांना सर्दी झाली. "सर्दी जाईपर्यंत तिच्या खोलीत झोपते हं," असं म्हणून बाई उशी घेऊन गेल्या. सर्दी आठ दिवसांत गेली. उशी अजून तिकडेच होती.

आणि त्या रविवारी, मटार सोलतासोलता, बाई सहज म्हणाल्या, "अहो, पुढच्या शनिवार-रविवारी आपण दोघंच शहरात जाऊ या का? माझ्या बहिणीकडे उतरायचं नाही, काही बघायचं नाही. मस्त हॉटेलात राहू. हॉटेल तुम्ही ठरवा."

"मी?"

"तुम्हीच. मी चकार शब्द काढणार नाही."

स्पेअरभाऊ त्याच पावली मोबाईल घेऊन गॅलरीत गेले. पहिल्याच पानावर रकाने होते. प्रौढ: दोन. प्रौढ म्हटलं की त्यांना रात्रीचे साक्षरतेचे वर्ग आठवायचे, पण दोन हे खरं होतं. मुलं: शून्य. हे शून्य त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच भरलं, जरा जपूनच. आणि मग तिसरा रकाना आला.

खोल्या.

तिथे त्यांचा अंगठा जो थांबला तो थांबलाच.

एक म्हणावं, तर बाईंच्या दोन रात्री फुकट जाणार. पुन्हा कधी त्या 'चला' म्हणणार नाहीत. दोन म्हणावं, तर चार वर्षं नुसतं लोटलेलं दार आपणच कडी घालून बंद केल्यासारखं. विचारावं, तर... छे. विचारलं आणि त्या "बरं" म्हणाल्या, तर ते मनातून की जीवावर येऊन, हे कुठल्या यंत्राने तपासायचं?

ते गॅलरीतून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. परत गेले. पाणी प्यायचं राहिलं असं वाटून पुन्हा प्यायले.

मग त्यांच्या नजरेला दोन शब्द पडले: मोफत रद्द. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. गोदामातल्या माणसाला एवढं पुरे. त्यांनी स्टेशनजवळच्या हॉटेलात एक खोली घेतली. तिला राखीव म्हणून बागेजवळच्या हॉटेलात दोन खोल्या, मध्ये दार असलेल्या. या दोन्हींना राखीव म्हणून नदीकाठी एकाच खोलीत दोन पलंग. चौथ्या हॉटेलच्या फोटोत पलंगावर टॉवेलचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसवले होते. ते पाहून स्पेअरभाऊंनी मोबाईल पालथा घातला, इकडेतिकडे बघितलं, आणि तिथेही एक खोली घेतली. पाचवं हॉटेल कशाला घेतलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फळी रिकामी दिसत होती एवढंच.

सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी गोदामात बसून लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं: 'हॉटेल उत्तम, पण शेजारच्या खोलीतला गृहस्थ रात्रभर घोरत होता.' आपण अजून निघालोही नाही आणि आपली तक्रार पुढे पोचली, हे बघून त्यांचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी ब्रेकचे पट्टे मागणाऱ्या मेकॅनिकला आरसे दिले.

बुधवारी लेकीचा फोन आला. मोबाईलवरचं हॉटेलं राखायचं खातं तिनेच उघडून दिलेलं, त्यामुळे सगळे निरोप तिच्याकडे जात होते.

"बाबा, तुम्ही दोघं जाताय की वऱ्हाड नेताय?"

"हळू बोल. आई घरात आहे."

"आईला माहीत नाही?"

"हॉटेल माहीत आहे. हॉटेलं माहीत नाहीत."

"आणि कुठे एक खोली, कुठे दोन! भांडलात का?"

"छे गं. भांडायला एका खोलीत असावं लागतं."

"बाबा, तिला सरळ विचारा ना."

"विचारीन."

हे 'विचारीन' चार वर्षं जुनं होतं.

गुरुवारी स्पेअरभाऊ लवकर घरी आले. सहाच्या आत चार हॉटेलं रद्द करायची होती, पण कुठली चार, ते ठरत नव्हतं. हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी तेलाची कुपी काढली. पितळेची, लांब चोचीची. डेपोतली जुनी कुपी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ती मागून आणली होती. स्टुलावर चढून त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल घालायला सुरुवात केली. गेल्याच रविवारी घातलं होतं. सव्वापाचला बाई आल्या. पर्स ठेवतात तोच ओट्यावरचा मोबाईल वाजला.

"घेऊ नकोस!" स्पेअरभाऊ स्टुलावरून ओरडले. तोवर बाईंनी घेतला होता.

"हो, मी त्यांची मिसेस. बोला."

पलीकडची मुलगी मोठ्या आवाजात बोलत होती. बागेजवळच्या हॉटेलातून. "मॅडम, तुमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दिल्यात. मधल्या दाराला कुलूप असतं. ते तसंच ठेवू की काढू?"

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावरच्या माणसाने कुपीकडे पाहिलं.

"कळवते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. "दोन खोल्या?"

"राखीव आहेत त्या. एका खोलीचंही आहे. स्टेशनजवळ. आणि एका खोलीत दोन पलंग, ते नदीकाठी."

"एकूण किती?"

"पाच."

"पाच खोल्या?"

"हॉटेलं. खोल्या सहा. पण सहापर्यंत रद्द होतात."

बाई खुर्चीवर बसल्या. हसतील असं स्पेअरभाऊंना वाटलं होतं; त्या हसल्या नाहीत.

"सर्दी किती दिवस होती तुम्हाला?"

कुठली, असं विचारण्याइतके ते बावळट नव्हते. "आठ."

"मग नवव्या दिवशी म्हणालात का, ये आता?"

"तुझी झोप मोडायची—"

"झोप माझी. मोडायची की नाही ते मी बघितलं असतं. तुम्ही नुसतं विचारायचं होतं." त्यांनी पदर उगीचच सारखा केला. "दिवसभर मी परक्या लोकांना विचारते, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. घरी आल्यावर मला कोणी काही विचारेल म्हणून वाट बघते, तर हे आपले कपाटांना तेल घालतायत!"

स्पेअरभाऊ खाली उतरले. उतरताना स्टूल डुगडुगलं. त्यालाही सगळं ऐकू आलं असावं.

"आणि एक सांगा," बाई म्हणाल्या. "घरातल्या झाडून सगळ्या दारांना तेल घालता. मी झोपते त्याच खोलीचं दार तेवढं चार वर्षं करकरतंय. माझ्या कानांना ते कसं लागत असेल? मला वाटलं, रागाने घालत नाही."

"राग कसला?"

"मग?"

ते कुपीची चोच फडक्याने पुसत राहिले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. "करकरलं की कळतं मला, तू उठलीस ते. पहाटे कधीतरी वाजतं. मग वाटतं, पाणी प्यायला उठली असेल, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही. मग नळ वाजतो."

बाईंनी मोबाईल उचलला, त्या मुलीला फोन लावला आणि म्हणाल्या, "कुलूप काढून ठेवा." फोन नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "बाकीची चार रद्द करा. पावणेसहा झालेत."

त्यांनी एकेक रद्द केलं. बगळ्यांपाशी अंगठा जरा रेंगाळला, पण गेला.

"मग आता दोन खोल्या कशाला?" त्यांनी धीर करून विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी विचारलं, आणि ते बरोबर निघालं की चूक, ते कळेना. "एकच ठेवू या ना."

"राहू देत दोन्ही. एक वापरात, एक फळीवर. झोपू एकीत. तुमची गाडी चढणीला लागली की मी पलीकडे जाईन, आणि सपाटीवर आली की परत येईन."

'परत येईन' एवढंच स्पेअरभाऊंनी ऐकलं. छाती भरून आली. या क्षणी काहीतरी भारदस्त, जन्मभर लक्षात राहील असं बोलायला हवं, हे त्यांना उमगलं. त्यांनी कुपी ओट्यावर ठेवली, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "ती कुपी तेवढी बॅगेत टाका. तिथलं दार कसं असेल काय माहीत."