सत्तेचाळीस नंबरची चावी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चावी आहे. कुठल्या कुलपाची, असे विचाराल तर जरा थांबा. ते सांगताना अजूनही मला मेल्याहून मेल्यासारखे होते. पण सांगायचे ठरवले आहे, तर सगळे सांगते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन यंत्रे आणि कानशींनी भरलेला पत्र्याचा डबा. तिथला कारागीर फार कमी बोलायचा. त्याने आम्हा एकशेवीस बहिणींना एकाच मापात कापले आणि प्रत्येकीचे दात मात्र वेगळे घासले. त्याची बायको आम्हाला फडक्याने पुसून चकचकीत करायची. एकदा तिने विचारले, "अहो, एवढ्या चाव्या! कुठल्या तिजोरीच्या म्हणायच्या?"

"तिजोरी कसली? कायदे करतात ना, त्या सभागृहातल्या बाकांच्या आहेत," तो म्हणाला. "ही फिरवल्याशिवाय आमदाराला मत देता येत नाही."

हे ऐकून आम्ही सगळ्या बहिणी डब्यात अशा फुगलो की विचारू नका. शेजारच्या डब्यातल्या सायकलींच्या चाव्यांशी आम्ही त्या दिवसापासून बोलणेच सोडले.

माझ्या डोक्यावर सत्तेचाळीस हा आकडा कोरला गेला. सभागृहात सत्तेचाळिसाव्या आसनापुढच्या बाकाला एक छोटी खोबण होती. तिच्यात मला घालून उजवीकडे फिरवले की बाकावरची तीन बटणे जागी व्हायची. हिरवे म्हणजे हो, लाल म्हणजे नाही आणि पिवळे म्हणजे तटस्थ. बटण दाबले की भिंतीवरच्या फलकावर आमचा दिवा लागायचा आणि त्या क्षणी मत नोंदले जायचे. एकदा नोंदले की ते कायमचे.

माझी पहिली मालकीण एक निवृत्त शिक्षिका होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. ती मला रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. कायद्याचा मसुदा घरी नेऊन ती तो पेन्सिलीने रेघा मारत वाचायची, जशी वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासायची तशी. ती बहुतेक वेळा हरायची. पण दर सोमवारी स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवर बसून लोकांना सांगायची, "या आठवड्यात चार मतं दिली. दोन हो, दोन नाही. आता भांडा माझ्याशी." आणि लोक खरेच भांडायचे. एका भाजीवालीने तर तिला भर रस्त्यात धारेवर धरले होते. मास्तरीणबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं म्हणणं पटलं नाही, पण कळलं." ते माझे सोन्याचे दिवस होते.

दहा वर्षांनी ती थकली आणि तिच्या जागी नवे साहेब निवडून आले. मित्रांनो, साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. वाईट असते तर मला सोपे गेले असते. ते तरुण होते, हसतमुख होते, आणि लोकांमध्ये रमणारे होते. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, साहेब हजर. नव्या नळाला पाणी आले, साहेब हजर. शाळेचे कुंपण पडले, तरी साहेब हजर. लोक म्हणायचे, "आमदार असावा तर असा!" त्यांच्या खिशात खुळखुळताना मलाही ते पटायचे.

पण एक माणूस दोन ठिकाणी कसा असणार? मतदारसंघ सभागृहापासून चार तासांवर. इथेच त्या सभागृहातली एक जुनी रीत कामाला आली.

साहेबांच्या शेजारच्या आसनावर एक ज्येष्ठ सदस्य बसायचे. त्यांना सारे सभागृह काका म्हणायचे. काका कधी गैरहजर नसत, कारण त्यांना दुसरीकडे कुठे बोलावतच नसत. त्यामुळे ज्याला बाहेर जायचे असेल तो आपली चावी काकांकडे ठेवून जायचा. काकांनी चाव्या ओवायला एक जाड रबर बाळगले होते. हजेरीच्या वेळी ते उठायचे, बाकाबाकाने फिरून चाव्या फिरवायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. मतदानाच्या वेळीही तसेच. सगळ्यांना हे माहीत होते आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी होती.

पहिल्यांदा काकांची बोटे माझ्यावर पडली तेव्हा मी दचकले होते. मग सवय झाली. सवय फार वाईट गोष्ट आहे, मित्रांनो.

वर्षाच्या शेवटी एका संस्थेने साहेबांना मानपत्र दिले. सभागृहात अठ्ठ्याण्णव टक्के हजेरी आणि मतदारांशी अखंड संपर्क! ते मानपत्र चौकटीत बसवून साहेबांच्या घरच्या पुढच्या खोलीत लावले गेले. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, म्हणतात ना, त्यातली गत. मी त्यांच्या खिशातून ते पाहिले आणि गप्प राहिले. माझ्या लाजेची सुरुवात तिथूनच झाली.

त्याच पुढच्या खोलीत साहेब दर सोमवारी लोकांना भेटायचे. प्लॅस्टिकच्या तीस खुर्च्या, दारात चपलांचा ढीग, आणि प्रत्येकाच्या हातात अर्ज. एका सोमवारी तिथे एक वयस्कर बाई आल्या. अर्ज असा नेटका टाइप केलेला की साहेब म्हणाले, "वा! कोणाकडून करून घेतलात?"

"मीच केला. तीस वर्षं टायपिस्ट होते," त्या म्हणाल्या. त्यांनी कुठे नोकरी केली हे काही सांगितले नाही आणि साहेबांनीही विचारले नाही.

बाईंचे यजमान निवृत्त बसचालक होते. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागत होते. ते गावातल्या छोट्या सरकारी रुग्णालयात व्हायचे, घरापासून पाच मिनिटांवर. आता सभागृहात असा कायदा येणार होता की तीस खाटांहून लहान रुग्णालये बंद करायची आणि त्यांची यंत्रे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवायची. शहर म्हणजे बसने जायला अडीच तास आणि यायला अडीच.

"आमचे हे म्हणतात, सुईला मी भीत नाही, पण दुसऱ्यानं चालवलेल्या बसला भितो," बाई म्हणाल्या. खोलीतले सगळे हसले. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. "साहेब, डायलिसिस झाल्यावर ते उभंसुद्धा राहू शकत नाहीत. पाच तास प्रवास ते किती दिवस काढतील?"

साहेबांचे डोळे खरेच भरून आले. ते खुर्चीतून उठले. "बाई, माझं मत लाल. काय वाटेल ते होवो, मी विरोधातच मत देणार. लिहून घ्या."

बाईंनी पर्समधून वही काढली आणि खरोखरच लिहून घेतले.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी गावकऱ्यांनी रुग्णालयाच्या फाटकापाशी सभा ठेवली. 'रुग्णालय वाचवा'. साहेबांना आग्रहाचे बोलावणे होते. कायद्यावर मतदान त्यापुढच्या बुधवारनंतर होईल असे सभागृहाच्या यादीत होते. गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी मला काकांच्या हातावर ठेवले.

"काका, उद्या काही विशेष नाही ना?"

"अरे, उद्या नुसती भाषणं. जा तू बिनधास्त."

शुक्रवारी भाषणे लवकर आटोपली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि पुढचे कामकाज आजच उरकू या म्हणाले. कायदा कुठला, हे काकांनी नीट ऐकलेही नाही. आपल्या पक्षाचे सगळे हिरवे दाबत आहेत एवढे पाहून ते उठले आणि रबरातल्या पाच चाव्यांनी पाच बाके उघडून पाचही बाकांवर हिरवे बटण दाबले. मी तिसरी होते. खोबणीत शिरले आणि लोण्यात सुरी फिरावी तशी फिरले.

त्या वेळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. कायदा एकाहत्तर विरुद्ध अडतीस मतांनी मंजूर झाला.

शनिवारी काकांनी मला परत केले आणि कपाळावर हात मारून घेतला. "पोरा, घोटाळा झाला रे. पण घाबरू नकोस. 'चावी अडकली, चुकीचं बटण दाबलं गेलं' असं एक पत्र दे. मत बदलत नाही, पण कामकाजात तशी टीप पडते आणि प्रकरण मिटतं. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी दिलंय."

साहेबांनी रविवारी पत्र दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, तर मी तरी कुठली संन्यासिनी?

सोमवारी ती खोली खच्चून भरली होती. टायपिस्टबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक होता वर्तमानपत्रातला फोटो. साहेब रुग्णालयाच्या फाटकापाशी फलक धरून उभे होते आणि मागच्या भिंतीवर रुग्णालयाचे मोठे घड्याळ दिसत होते. त्यात पावणेबाराला तीन मिनिटे कमी होती. दुसरी होती मतदानाची छापील यादी. आसन सत्तेचाळीस, हो, अकरा बेचाळीस.

"बाई, त्याचं काय झालं," साहेब म्हणाले, आणि मला खिशातून काढून त्यांनी सगळ्यांना दाखवले. "ही चावी. जुनी झाली आहे. अडकली, आणि भलतंच बटण दाबलं गेलं. मी पत्रही दिलंय."

खोलीत "हो का", "अरेरे" असे आवाज उठले. लोक माझ्याकडे रागाने पाहू लागले. बाई मात्र माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशा पाहत होत्या.

"साहेब, मी नोकरी कुठे केली ते तुम्ही विचारलं नाहीत. मी त्याच सभागृहाचं कामकाज टाइप करत होते. तीस वर्षं. 'चावी अडकली' हे वाक्य मी दर अधिवेशनात एकदा तरी टाइप केलंय. पण मिस्त्रीला बोलावून चावी तपासली, असं एकदाही टाइप केलं नाही." त्यांचा आवाज खाली आला. "तेव्हा मी गप्प बसले. नोकरी होती. आज ते माझ्याच घरावर आलं."

साहेबांची मूठ माझ्याभोवती घट्ट मिटली. तळहात घामाने ओला झाला होता.

"मी तिथे नव्हतो, बाई," शेवटी ते म्हणाले. "चावी काकांकडे होती."

मला वाटले, आता लोक चिडतील. कोणीतरी खुर्ची आपटेल. पण मागून एक दुकानदार उठला. "अहो बाई, साहेब आपल्याच सभेला तर आले होते! आपल्यासाठी चार तास गाडी चालवून. त्यात त्यांचं काय चुकलं?" दुसरा म्हणाला, "आणि एका मतानं काय होणार होतं? एकाहत्तर होते ते." बघता बघता सगळी खोली साहेबांची समजूत घालू लागली. कोणी पाणी आणून दिले. साहेबांनी मान वर केली, आणि त्यांना जरा बरे वाटले हे मला त्यांच्या तळहातावरून कळले.

"एका मतानं काही झालं नसतं, तेवढी बेरीज मलाही येते," बाई म्हणाल्या. "पण आमचे हे काल मला विचारत होते, आपला माणूस आपल्या बाजूनं होता ना? मी काय सांगू त्यांना? साहेब, ते पत्र मागे घ्या. आत्ता बोललात ते तिथे उभं राहून बोला."

"बघतो," साहेब म्हणाले.

मंगळवारी सभागृहात अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवले. 'आसन क्रमांक सत्तेचाळीसची चावी अडकल्यामुळे सदस्यांचे मत चुकीचे नोंदले गेले.' मग त्यांनी विचारले, "सदस्यांना काही सांगायचं आहे?" साहेबांची खुर्ची थोडी मागे सरकली. मला वाटले, आता उठतील. काका त्यांच्याकडे पाहत होते. मग खुर्ची पुन्हा पुढे आली. साहेब म्हणाले, "नाही." कामकाजात टीप पडली.

त्याच दिवशी साहेबांना नवी कोरी चावी मिळाली. मला एका कागदी पाकिटात घालून त्यावर 'सदोष' असे लिहिले आणि कपाटात ठेवून दिले. कपाट उघडले की कारकुनांचे बोलणे कानावर येते. ते छोटे रुग्णालय बंद झाले. टायपिस्टबाईंनी आपल्या जुन्या कार्यालयाला पत्र लिहून ती टीप मागवली होती. पत्रात शेवटी लिहिले होते की सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या घरी नसतात, यजमानांना घेऊन पहाटेच्या बसने शहरात जातात, तेव्हा टपाल मंगळवारी मिळेल असे पाठवावे. एका कारकुनाने ते मोठ्याने वाचले. दुसऱ्याने टपालाच्या वहीत 'मंगळवार' असे लिहून घेतले. नंतर बाईंचे पत्र आले नाही, आणि त्या बसच्या फेऱ्या अजून चालू आहेत की थांबल्या, हे विचारायचे मला धाडस होत नाही.

मित्रांनो, मी पितळेची एवढीशी वस्तू. तुम्हाला काय शिकवणार? तरी एक मागणे आहे. तुमचा आमदार तुमच्या दारी आला, त्याने तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तर आनंद माना, त्याला पाणी द्या. पण जाताना त्याला विचारा, त्या दिवशी तुमची चावी कोणाच्या हातात होती? आणि तो म्हणाला की चावी अडकली, तर मिस्त्रीला बोलवा. माझे पाकीट फोडा, मला खोबणीत घाला आणि फिरवून बघा. मी अडकत नाही. त्या शुक्रवारी तेवढे एकदाच मी अडकायला हवे होते, आणि मी अडकले नाही.