फेकायचा राहून गेलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉलचा चेंडू आहे. मिलबर्न गावात व्हर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी एका कपात मी बसलेला असतो. पाहुणे मला फार जपून हातात घेतात. तसं कोणी घेतलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते आज सांगून टाकतो.

माझ्या पोटात बुचाचा गोळा आहे, त्यावर लोकर गुंडाळली आहे, आणि वरचं कातडं लाल दोऱ्याने हाताने शिवलं आहे. एका शाळेच्या संघाने मला दोन वर्षं बडव बडव बडवलं आणि एके दिवशी मी गटारात गेलो. तिथल्या चिखलाने माझा रंग कायमचा तपकिरी झाला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर लाइल डोम्बेक याने मला उचललं आणि आपल्या जाकिटाच्या डाव्या खिशात टाकलं. त्या खिशात मी अकरा वर्षं राहिलो. माझ्यासाठी एकच काम ठरलं होतं, फेकलं जायचं.

आमच्या मैदानाची रीत अशी, की पाहुण्या संघाने षटकारासारखा होमरन मारला आणि चेंडू कुंपणापलीकडे आमच्या बाकांवर येऊन पडला, तर तो ठेवून घ्यायचा नाही. शत्रूचा चेंडू लगेच मैदानात भिरकावून द्यायचा. न देणाऱ्याला लोक हंगामभर फाडून खातात. पण लाइलच्या मनात वेगळंच होतं. चाळीस वर्षं तो उजवीकडच्या बाकांवर बसत होता आणि एकही चेंडू त्याच्या हाती लागला नव्हता. लागलाच तर खरा लपवायचा आणि मला फेकून टाळ्या मिळवायच्या, असा त्याचा बेत होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गटारातल्या चेंडूला कोण विचारतो?

त्याच बाकावर व्हर्नाबाई बसत. त्यांचे यजमान स्टॅन यांनी एका सामन्यात होमरनचा चेंडू उघड्या हाताने झेलला होता, तोही दुसऱ्या हातातल्या बिअरचा थेंब न सांडता. स्टॅन गेले, चेंडू राहिला. दर हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो बाकावरून हातोहात फिरे आणि ज्याच्या हातात येईल त्याने मैदानावरची एक आठवण सांगायची.

"डाव्या हाताने झेलला बरं का स्टॅनने," ऑगी व्होयचिक नावाचा म्हातारा दर वर्षी म्हणे.

"उजव्या," व्हर्नाबाई म्हणत. "डाव्यात बिअर होती. तू तेव्हा तोंडात सँडविच कोंबत होतास, तुला काय दिसणार?"

गेल्या वर्षी पहिल्या सामन्यात व्हर्नाबाई हॉट डॉग आणायला उठल्या. "लाइल, मी येईपर्यंत एवढा सांभाळ रे," म्हणत त्यांनी स्टॅनचा चेंडू त्याच्या हाती दिला. लाइलच्या उजव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं. म्हणून त्याने मला तिकडे हलवलं आणि स्टॅनचा चेंडू माझ्या जागी, डाव्या खिशात नीट ठेवला. काळजीपोटीच केलं त्याने.

पुढच्याच फटक्याला पाहुण्यांचा होमरन थेट लाइलच्या पायाशी आला. सगळी बाकं ओरडायला लागली, "फेक! फेक!" लाइल वाकला. खरा चेंडू त्याने हातातल्या शेंगांच्या पिशवीत कोंबला आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्याचा हात डाव्या खिशात गेला.

मी फाटक्या खिशातून सगळं बघत होतो. ओरडायला तोंड नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मैदानातल्या खेळाडूने स्टॅनचा चेंडू उचलून सरावाच्या चेंडूंत टाकून दिला. तेवढ्यात व्हर्नाबाई आल्या. "शाब्बास रे लाइल! रांगेत ऐकू आलं मला." आणि त्यांनी हात पुढे केला. लाइलचा हात डाव्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने उजव्या खिशात हात घातला आणि त्यांच्या तळव्यावर मला ठेवलं.

व्हर्नाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. स्टॅनचा चेंडू हाताळून तपकिरी झालेला, मी चिखलाने. त्यांनी मला पोटच्या लेकरासारखं स्वेटरच्या आत धरलं.

दुसऱ्या दिवशी लाइल मैदानाच्या फाटकावर गेला. सरावाच्या टोपलीत दोनशे चेंडू होते, सगळे सारखेच झोडपलेले. तो हात हलवत परत आला.

मित्रांनो, त्यानंतरचे पाच महिने मी जे भोगलं ते गटारातही भोगलं नव्हतं. व्हर्नाबाई आता मला दर सामन्याला बरोबर नेत आणि लोक मला हातात घेऊन स्टॅनची आठवण काढत. ऑगी तर एकदा डोळे पुसू लागला. आणि रोज सकाळी कॉफी ओतताना व्हर्नाबाई माझ्याशी बोलत. "स्टॅन, काल पुन्हा हरलो रे. नवा मॅनेजर गाढव आहे." कधी गुडघ्याचं सांगत, कधी मुलीचा फोन आला नाही म्हणून सांगत. ते सगळं दुसऱ्याचं होतं आणि मी बसल्या जागी घेत होतो.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला लाइलला राहवलं नाही. त्याने शेंगांची पिशवी उघडून तो होमरनचा चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

व्हर्नाबाईंनी मला डोळ्यांशी आणून पाहिलं.

"म्हणजे एप्रिलपासून रोज सकाळी मी कोणाशी बोलत होते, लाइल?"

त्यांनी मांडीवरचा चेंडू उचलून लाइलच्या हातात दिला.

"हा फेक," त्या म्हणाल्या.

"आत्ता? व्हर्ना, खेळ चालू आहे. बाहेर काढतील मला."

"काढू देत की."

त्याने फेकला. खेळ थांबला, शिट्ट्या वाजल्या, आणि रखवालदाराने लाइलला दंडाला धरून पायऱ्यांवरून नेलं. आमच्या बाकावरून कोणीही त्याच्या बाजूने बोललं नाही.

मला वाटलं, आता माझी पाळी कचऱ्याच्या डब्याची. मी त्याला तयारही होतो. पण त्या मला घरी घेऊन गेल्या आणि कपात ठेवलं. त्या दिवसापासून सकाळची कॉफी मुकाट्याने होऊ लागली.

या एप्रिलमध्ये पहिला सामना झाला. लाइल चार ओळी मागे, एकटा बसला होता. व्हर्नाबाईंनी त्याला हाक मारली, पुढे बोलावलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "तुझी आठवण सांग. पहिल्यापासून."

कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत त्याने ती सांगितली. बाकावरची नवी मंडळी हसली.

"उजव्या खिशातून काढून फेकलास," ऑगी म्हणाला.

"डाव्या," लाइल म्हणाला.

"डाव्याच," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ऑगी, तू तेव्हाही सँडविच कोंबत होतास."

मित्रांनो, कोणी आपली ठेव घटकाभर सांभाळायला दिली, तर ती हातात धरून बसा, खिशात टाकू नका. आणि हातून गेलीच, तर त्याच क्षणी सांगा. पुढे दर सकाळी ते जड होत जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

हल्ली कॉफी ओतताना व्हर्नाबाई पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या आहेत. मॅनेजरचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात. फक्त आता मला स्टॅन म्हणत नाहीत. लाइल म्हणतात.